वितळलेलं लोखंड चुंबकाला चिकटत नाही, मग फेरोफ्लुइड हा द्रव कसा चिकटतो?

लोखंडाचा तुकडा चुंबकाला चिकटतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. आता तोच तुकडा भट्टीत वितळवला आणि त्या रसाजवळ चुंबक नेला, तर काय होईल? रस चुंबकाकडे ओढला जाईल, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. लोखंड वितळतं १५३८ अंश सेल्सियसला, पण त्याचं चुंबकत्व त्याच्या कितीतरी आधी, ७७० अंशांलाच मावळतं. लालभडक तापलेली, पण अजून पुरती घट्ट असलेली लोखंडी सळईसुद्धा चुंबकाला दाद देत नाही.

याचं कारण अणूंच्या शिस्तीत आहे. लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक चिमुकला चुंबक असतो. थंड लोखंडात शेजारशेजारचे अणू एकमेकांना एकाच दिशेला धरून ठेवतात आणि त्या एकजुटीतून आपल्याला जाणवणारी ओढ तयार होते. तापमान वाढलं की अणूंची थरथर वाढते. एका ठरावीक तापमानाला ही थरथर शेजाऱ्यांच्या पकडीवर मात करते आणि शिस्त मोडते. या तापमानाला क्यूरी तापमान म्हणतात. पिएर क्यूरी यांनी १८९५च्या सुमारास त्याचा बारकाईने अभ्यास केला होता. निकेलची शिस्त ३५८ अंशांना मोडते आणि निकेल वितळतं १४५५ अंशांना. कोबाल्टची ११२० अंशांच्या आसपास मोडते, तो वितळतो १४९५ अंशांना. सगळीकडे क्रम तोच: आधी चुंबकत्व जातं, मग घट्टपणा जातो.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. पृथ्वीच्या गाभ्याचा बाहेरचा भाग वितळलेल्या लोखंडाचाच आहे ना, मग पृथ्वी चुंबक कशी? तिथलं लोखंड स्वतः चुंबक नसतं. ते वीजवाहक आहे आणि सतत घुसळलं जातंय. त्या घुसळणीतून वीजप्रवाह वाहतात आणि प्रवाहांमधून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ती यंत्रणा अगदी वेगळी आहे, म्हणून ती इथे बाजूला ठेवू.

चुंबकाकडे ओढले जाणारे द्रव निसर्गात अजिबात नाहीत, असंही नाही. द्रवरूप ऑक्सिजन हे त्यातलं सगळ्यात देखणं उदाहरण. उणे १८३ अंशांच्या खाली तो फिकट निळ्या पाण्यासारखा दिसतो आणि ताकदवान चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला तर तिथेच अडकून राहतो. जेम्स ड्यूअर यांनी १८९१ साली ही ओढ दाखवून दिली. पण ऑक्सिजनचा प्रत्येक रेणू एकेकटा ओढला जातो. त्यात एकजूट नाही, त्यामुळे ओढ कमकुवत असते. त्यात ती पाहायला इतकी थंडी लागते की हा द्रव कशाला वापरावा असा प्रश्न पडतो.

तेव्हा नेहमीच्या तापमानाला वाहणारा आणि तरीही चुंबकाच्या हाकेला धावणारा द्रव हवा असेल, तर धातू वितळवून चालणार नाही. घन चुंबकाचे तुकडे घट्टच ठेवायचे आणि ते इतके बारीक करायचे की द्रवात तरंगत राहिले पाहिजेत. यालाच फेरोफ्लुइड म्हणतात. तेलात किंवा पाण्यात मॅग्नेटाइट या काळ्या लोहखनिजाचे कण असतात, आणि कणांवर एक पातळ आवरण. नेहमीच्या फेरोफ्लुइडमध्ये आकारमानाने साधारण ५ टक्के चुंबकीय कण, १० टक्के आवरणाचा पदार्थ आणि उरलेले ८५ टक्के नुसता द्रव असतो.

ऐकायला सोपं वाटतं. शाळेत असताना मलाही वाटलं होतं. लोखंडाचा कीस तेलात ढवळून मी चुंबक जवळ नेला. कीस एका झटक्यात काचेला जाऊन चिकटला, तेल होतं तिथेच राहिलं, आणि चुंबक काढल्यावर सगळा कीस तळाशी बसला. मला तेव्हा वाटलं की ढवळणं कमी पडलं. खरी अडचण कळायला बरीच वर्षं गेली, आणि ती कळल्यापासून हा विषय मला सोडत नाही. सगळा खेळ एकाच प्रश्नावर ठरतो: कण किती बारीक?

किती बारीक?

उत्तर आहे सुमारे १० नॅनोमीटर. माणसाचा एक केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे असे आठ हजार कण ओळीने मांडले की केसाची जाडी भरते. हा आकडा सोयीसाठी निवडलेला नाही, तो निसर्गाने घातलेल्या अटींतून येतो.

पहिली अट तळाशी न बसण्याची. द्रवाचे रेणू कधीच स्वस्थ नसतात. ते सगळ्या बाजूंनी कणाला धडका देत राहतात आणि कण सारखा भरकटत राहतो. ही ब्राउनी गती. आता प्रश्न असा की या धडकांचा जोर मोठा की वजनाचा? १० नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा कण पाण्यात एक सेंटिमीटर वर उचलायचा, तर त्याला लागणारी ऊर्जा उष्णतेच्या धडकांमधून मिळणाऱ्या ऊर्जेच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी आहे. कणाला स्वतःचं वजन जाणवतच नाही म्हणा ना. आता व्यास शंभर पट करू, म्हणजे एक मायक्रोमीटर. आकारमान दहा लाख पट झालं, वजनही दहा लाख पट झालं, धडकांची ऊर्जा मात्र तेवढीच राहिली. एवढ्या ऊर्जेत तो कण वर जाईल फक्त ०.२ मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या पाचव्या हिश्श्याएवढा. तो तळ गाठणारच. माझा लोखंडाचा कीस तर याहूनही शेकडो पट जाड होता.

दुसरी अट एकमेकांना न चिकटण्याची. प्रत्येक कण चुंबक आहे, त्यामुळे शेजाऱ्याला ओढतो. मॅग्नेटाइटचे १० नॅनोमीटरचे दोन कण अगदी खेटून बसले, तर त्यांना बांधून ठेवणारी चुंबकीय ऊर्जा उष्णतेच्या धडकांच्या ऊर्जेच्या दोन-तीन पट निघते. म्हणजे सामना जवळजवळ बरोबरीचा आहे. याखेरीज व्हान डर वाल्स ओढ नावाची आणखी एक ओढ असते. चुंबकत्वाशी तिचा संबंध नाही, ती कोणत्याही दोन पदार्थांमध्ये असते, पण दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की ती झपाट्याने वाढते आणि एकदा चिकटलेले कण पुन्हा सोडत नाही. इथे नुसत्या धडका पुरत नाहीत, आवरण लागतं. ओलेइक आम्ल हा त्यासाठीचा जुना, खात्रीचा पदार्थ. त्याच्या लांबट रेणूचं एक टोक मॅग्नेटाइटला घट्ट धरतं आणि शेपूट तेलात मोकळं राहतं. कणाभोवती सुमारे २ नॅनोमीटर जाडीची झालर तयार होते. दोन कण जवळ आले की झालरी एकमेकींवर दाबल्या जातात आणि कण मागे सरतात. पाण्यात ही युक्ती तशीच चालत नाही. तिथे आवरणाचा दुहेरी थर द्यावा लागतो, किंवा कणांवर एकाच प्रकारचा विद्युतभार ठेवून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवावं लागतं. ही विद्युतभाराची वाट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने मासार यांनी १९८१ साली दाखवली.

या अटी पाळल्या गेल्या की एक विलक्षण गोष्ट घडते. चुंबक जवळ आणला तरी कण द्रव सोडून पळत नाहीत, ते द्रवालाही बरोबर घेऊन येतात. चुंबक कणाला ओढतो, कण आजूबाजूच्या रेणूंना ढकलतो आणि सगळा द्रव एका अंगाने सरकतो. डोळ्यांना दिसतं ते एकसंध, काळं, चकचकीत पाणी. म्हणूनच त्याला चुंबकीय द्रव म्हणणं योग्य ठरतं.

रॉकेटच्या टाकीतून आलेली कल्पना

बारीक चुंबकीय कण द्रवात तरंगत ठेवण्याची धडपड जुनी आहे. १९३०च्या दशकात फ्रान्सिस बिटर यांनी अशा मिश्रणाचा थर धातूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पसरवून त्यातले चुंबकीय प्रदेश, म्हणजे एकाच दिशेला तोंड असलेल्या अणूंचे गट, डोळ्यांना दिसतील असे केले. १९३८ साली विल्यम एल्मोर यांनी मॅग्नेटाइटचं त्याहून बारीक मिश्रण बनवलं. पण आज आपण ज्याला फेरोफ्लुइड म्हणतो, त्याची सुरुवात १९६३ साली अमेरिकेत क्लीव्हलंडमधल्या नासाच्या लुइस संशोधन केंद्रात झाली.

तिथल्या स्टीव्हन पॅपेल यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता. अंतराळात वजन नसतं, त्यामुळे टाकीतलं इंधन तळाशी जमत नाही. ते गोळा होऊन कुठेही तरंगत राहतं. मग पंपाच्या तोंडाशी ते आणायचं कसं? पॅपेल यांनी इंधनालाच चुंबकीय करायचं ठरवलं, म्हणजे बाहेरून चुंबक लावून त्याला हवं तिकडे ओढता येईल. मॅग्नेटाइटची भुकटी, ओलेइक आम्ल आणि पातळ तेलासारखा द्रव एकत्र करून ते मिश्रण गोळ्यांच्या चक्कीत दिवसचे दिवस दळलं. रॉकेटच्या इंधनासाठी ही पद्धत रुजली नाही, द्रव मात्र राहिला. रोनाल्ड रोझेनस्वाइग यांनी तो हाती घेतला, त्याची गुणवत्ता वाढवली, त्याच्या वागण्याचं गणित मांडलं आणि १९६८ मध्ये रोनाल्ड मॉस्कोविट्झ यांच्यासह फेरोफ्लुइडिक्स ही कंपनी काढली. या विषयाचा गणिती पाया बराचसा त्यांचाच आहे.

आता दळत बसावं लागत नाही. लोहाचे दोन प्रकारचे क्षार पाण्यात एकास दोन या प्रमाणात विरघळवायचे आणि त्यात अमोनिया घालायचा. पाहता पाहता मॅग्नेटाइटचा काळा साका तयार होतो, आणि त्याचे कण जन्मतःच नॅनोमीटरच्या मापाचे असतात. मोठ्याचं लहान करण्यापेक्षा लहानच जन्माला घालणं सोपं ठरलं.

काटे कुठून येतात?

फेरोफ्लुइडचं चित्र कोणी पाहिलं असेल, तर ते काट्यांचंच. सपाट काळ्या द्रवाखाली चुंबक धरला की त्यातून साळिंदरासारखे टोकदार काटे उभे राहतात, चुंबक काढला की क्षणात सगळं सपाट. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला द्रव जिवंत असल्याचा भास झाला होता. स्पष्टीकरण समजल्यावर आश्चर्य कमी होईल असं वाटलं होतं, उलट ते वाढलं.

द्रवाच्या पृष्ठभागाला दोन गोष्टी सपाट ठेवतात. वजनामुळे उंचवटा खाली ओढला जातो, आणि पृष्ठताणामुळे पृष्ठभाग कमीत कमी जागा व्यापायला बघतो. आता खालून वर जाणारं चुंबकीय क्षेत्र लावलं. पृष्ठभाग कधीच पूर्ण स्थिर नसतो, त्यावर बारीकसारीक लहरी असतातच. अशा एखाद्या लहरीच्या माथ्यावर चुंबकीय रेषा किंचित दाटतात, कारण त्यांना हवेपेक्षा द्रवातून जाणं सोपं पडतं. रेषा दाटल्या की तिथे क्षेत्र वाढतं, क्षेत्र वाढलं की तिथला द्रव आणखी वर ओढला जातो, माथा आणखी टोकदार होतो आणि रेषा आणखी दाटतात. एकीकडे हे स्वतःला खतपाणी घालणारं चक्र, दुसरीकडे वजन आणि पृष्ठताण.

क्षेत्र कमी असेपर्यंत वजन आणि पृष्ठताण जिंकतात, पृष्ठभाग शांत राहतो. क्षेत्र हळूहळू वाढवत नेलं तरी काटे हळूहळू उगवत नाहीत. एका ठरावीक उंबरठ्यापर्यंत काहीच होत नाही, आणि तो ओलांडला की एकदम सगळे काटे उभे राहतात. १९६७ साली एम. डी. काउली आणि रोझेनस्वाइग यांनी या उंबरठ्याचं गणित मांडलं. काटे वाटेल तसे उगवत नाहीत, हेही पाहण्यासारखं आहे. प्रत्येक काट्याभोवती सहा शेजारी अशी षटकोनी रचना होते, आणि क्षेत्र आणखी वाढवलं तर ती चौकोनी होऊ शकते. दोन काट्यांमधलं अंतर वजन आणि पृष्ठताण मिळून ठरवतात. एकसारख्या क्षेत्रात ते साधारण एक सेंटिमीटर भरतं. चित्रांमध्ये काटे याहून बारीक आणि दाट दिसतात, कारण खाली ताकदवान चुंबक अगदी जवळ धरलेला असतो. तो द्रवाला खालीही जोरात ओढतो, जणू द्रवाचं वजन कित्येक पट वाढलंय, आणि त्यामुळे काटे जवळजवळ येतात.

चुंबक काढल्यावर काटे मागे का राहत नाहीत? लोखंडी खिळा चुंबकावर घासला तर नंतरही थोडं चुंबकत्व धरून ठेवतो. हा द्रव काहीच का धरत नाही? पुन्हा आकारच.

१० नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा कण इतका लहान असतो की त्यातले हजारो अणू एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. कण म्हणजे एकच अखंड चुंबक. अणूंची एकजूट कायम असल्याने त्याचा चुंबकीय जोर ऑक्सिजनच्या एका रेणूच्या हजारो पट भरतो. पण ही एकजूट जिकडे तोंड करून आहे, ती दिशा टिकत नाही. उष्णतेच्या धक्क्यांनी ती काही अब्जांश सेकंदांत कणाच्या आतल्या आत उलटते. लुई नेल यांनी ही यंत्रणा उलगडली होती, आणि चुंबकत्वावरच्या कामासाठी त्यांना १९७० साली नोबेल मिळालं. शिवाय द्रवात तरंगणारा सबंध कणच सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात इकडचा तिकडे वळतो. बाहेर क्षेत्र नसेल तर असंख्य कण असंख्य दिशांना, बेरीज शून्य. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तर या गोंधळापुढे इतकं दुबळं आहे की कण त्याची दखलही घेत नाहीत. ताकदवान चुंबक आला की सगळे त्याच्याकडे वळतात, तो गेला की क्षणात पुन्हा गोंधळ. या वागण्याला अतिसमचुंबकत्व म्हणतात.

कण थोडा मोठा झाला की गोष्ट बदलते, आणि निसर्गाला हे आपल्या फार आधी ठाऊक होतं. १९७५ साली रिचर्ड ब्लेकमोर यांनी काही जिवाणू उत्तर-दक्षिण रेषेत पोहतात, असं जाहीर केलं. या जिवाणूंच्या पोटात मॅग्नेटाइटच्या स्फटिकांची माळ असते आणि स्फटिकांचं माप साधारण ३५ ते १२० नॅनोमीटर असतं. तेवढ्या मापाच्या कणाची दिशा उष्णतेने उलटत नाही. जिवाणूला होकायंत्र हवं होतं, आणि होकायंत्र म्हटलं की दिशा टिकायलाच हवी. १० नॅनोमीटरचे कण त्याच्या काहीच कामाचे नव्हते.

बुडणारं तरंगतं

फेरोफ्लुइडमध्ये तांब्याचा तुकडा टाकला तर तो बुडतो. पण बाहेरून योग्य तऱ्हेने चुंबक लावला तर तोच तुकडा वर येतो. तांब्याला चुंबकाचं काही देणंघेणं नाही, सगळं काम द्रव करतो. द्रव जास्त क्षेत्राच्या जागी धाव घेतो, तिथे दाब वाढतो, आणि मध्ये सापडलेली अचुंबकीय वस्तू कमी दाबाच्या, म्हणजे कमी क्षेत्राच्या बाजूला ढकलली जाते. चुंबक वाढवला की द्रव जणू जड होतो. तेव्हा एकाच हौदातला द्रव हव्या त्या घनतेचा असल्यासारखा वागवता येतो. भंगारातले वेगवेगळे धातू घनतेनुसार वेगळे करायला हीच युक्ती वापरतात.

याची उलट बाजू आणखी सुंदर आहे. नुसत्या कायम चुंबकांच्या ओढाताणीने एखादी वस्तू हवेत स्थिर तरंगत ठेवता येत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉ यांनी एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केलं होतं. पण चुंबक फेरोफ्लुइडच्या भांड्यात टाकला, तर तो आपोआप मधोमध येऊन अधांतरी राहतो. चुंबक एका भिंतीकडे सरकला की त्या बाजूला द्रव कमी उरतो, तोल बिघडतो आणि दाब त्याला पुन्हा मध्यावर आणून सोडतो. भोवती द्रव असल्यामुळे अर्नशॉ यांची अट इथे लागू होत नाही.

रोजच्या उपयोगात मात्र फेरोफ्लुइड बहुधा दिसत नाही, कारण तो यंत्राच्या आत लपलेला असतो. फिरणारा दांडा निर्वात खोलीच्या भिंतीतून आत न्यायचा आहे, पण हवा आत जाता कामा नये, अशी कल्पना करा. रबराचं कडं बसवलं तर ते घासून झिजतं. त्याऐवजी दांड्याभोवतीच्या फटीत चुंबकाने फेरोफ्लुइडचं कडं धरून ठेवतात. द्रवच तो, झिजणार काय? असं एक कडं वातावरणीय दाबाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा फरक पेलतं, म्हणून एकामागे एक अनेक कडी लावतात. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांमध्ये ही कडी असतात, आणि हार्ड डिस्कमध्ये धूळ बाहेर ठेवायलाही ती वापरली गेली आहेत. ध्वनिवर्धकात आवाज निर्माण करणारी तारेची गुंडाळी चुंबकाच्या अरुंद फटीत हलते आणि तापते. त्या फटीत फेरोफ्लुइड भरला की तो जागेवरून हलत नाही आणि गुंडाळीची उष्णता हवेपेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतो. तापलेल्या फेरोफ्लुइडचं चुंबकत्व कमी होतं, त्यामुळे थंड द्रव चुंबकाकडे जास्त जोराने ओढला जातो आणि तापलेल्याला बाजूला सारतो. पंप नसताना अभिसरण सुरू राहतं.

आकार हजार पट वाढवला तर

तळाशी बसणारे मोठे कण म्हणजे अपयश, असं आतापर्यंत वाटत असेल. १९४८ साली अमेरिकेत जेकब राबिनो यांनी मोठ्या कणांमधूनच दुसऱ्या जातीचा चुंबकीय द्रव बनवला. त्यात लोखंडाचे १ ते १० मायक्रोमीटरचे कण असतात, म्हणजे फेरोफ्लुइडच्या कणांच्या शेकडो ते हजार पट मोठे, आणि तेही बरेच दाट. कण इतके मोठे की उष्णतेच्या धडका त्यांच्यापुढे किरकोळ. चुंबकीय क्षेत्र लावलं की कण टोकाला टोक जोडून साखळ्या करतात, साखळ्या द्रवातून आरपार उभ्या राहतात आणि द्रव काही मिलिसेकंदांत लोण्यासारखा घट्ट होतो. एका चौरस सेंटिमीटरवर अर्धा ते एक किलो वजनाइतका जोर तो न वाहता सोसू शकतो. क्षेत्र काढलं की पुन्हा पातळ. फेरोफ्लुइडचं नेमकं उलट आहे. तो कितीही क्षेत्रात नेला तरी द्रवच राहतो, फार तर थोडा दाट होतो.

विजेच्या एका बटणावर घट्टपणा बदलणारा द्रव म्हटल्यावर धक्के शोषणारी यंत्रं आलीच. २००२ पासून मोटारींच्या शॉक अब्सॉर्बरमध्ये तो भरला जातो आणि रस्त्यातल्या खड्ड्यागणिक त्याचा घट्टपणा बदलता येतो. चीनमधल्या डोंगटिंग सरोवरावरच्या पुलाच्या तारा वाऱ्याने थरथरू नयेत, म्हणूनही तो त्याच सुमारास वापरला गेला. कृत्रिम गुडघ्यांमध्ये तो असतो. दुर्बिणींची भिंगं आणि आरसे शेवटचा हात मारून गुळगुळीत करायलाही तो लागतो. हा द्रव तळाशी बसतो, त्यामुळे त्यात वेगळी रसायनं घालावी लागतात आणि यंत्राच्या हालचालीने तो ढवळला जाईल अशी व्यवस्था करावी लागते.

वैद्यकात पुन्हा नॅनोमीटरचेच कण लागतात, कारण मोठे कण रक्तवाहिन्यांमध्ये अडकतील. सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र लावलं की कणांना त्याच्या तालावर फिरणं जमत नाही, ते मागे पडतात, आणि तो फरक उष्णतेच्या रूपाने बाहेर येतो. हे कण गाठीत सोडले तर बाहेरून गाठ आतून तापवता येते. मेंदूतल्या गाठींवरच्या अशा उपचाराला युरोपात २०१० साली मान्यता मिळाली. गाठीपर्यंत पुरेसे कण नेमके पोचवणं आणि आसपासच्या निरोगी भागाला धग न लागू देणं, ही या उपचाराची अवघड बाजू आहे. उत्साहाच्या भरात ती विसरली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

घरी प्रयोग करणार असाल तर एक सूचना. चुंबक थेट फेरोफ्लुइडमध्ये बुडवू नका. तो द्रव चुंबकाला असा धरतो की पुसून निघत नाही, आणि कपड्यावरचा त्याचा डाग कायमचा असतो. बंद काचेच्या कुपीतलाच नमुना घ्या आणि चुंबक बाहेरून फिरवा. लेसर प्रिंटरची पूड तेलात कालवून तसंच काहीसं बनवता येतं, पण तिचे कण मायक्रोमीटरच्या मापाचे असतात, त्यामुळे ते थोड्याच वेळात तळाशी जाऊन बसतात.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. फेरोफ्लुइड चुंबकाला चिकटतो खरा, पण चुंबक गेला की त्याचं चुंबकत्वही जातं. स्वतः कायम चुंबक असलेला द्रव शक्य आहे का? २०१९ साली शुबो लिऊ, थॉमस रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत असे थेंब बनवले. पाण्यात लोह ऑक्साइडचे २२ नॅनोमीटरचे कण होते आणि थेंब तेलासारख्या द्रवात सोडले होते. थेंबाच्या कडेवर कण आवरणाच्या रेणूंनी धरले गेले आणि एकमेकांत इतके खेटून बसले की त्यांना वळायला जागाच उरली नाही. चुंबक लावून त्यांची दिशा एकदा ठरवली की चुंबक काढल्यावरही ती तशीच राहते. थेंबाच्या आतले कण मात्र अजून मोकळे भरकटत असतात. थेंब लांबट केला तरी त्याचे दोन ध्रुव टिकतात, आणि त्याचे दोन तुकडे केले की दोन छोटे चुंबक मिळतात. आत पाणी तसंच खळाळत असतं.